तात्यांचा डावा खांदा आणि तुझा माईक

दत्ता,

तुझ्या तेराव्याला फोटोला हार घातलेला बघितला आणि पहिला विचार आला तो असा, की आता हा माणूस मधेच बोलणार नाही. विचार वाईट होता, मान्य. पण चाळीस वर्षं तू माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाहीस, त्यामुळं तो यायचाच होता. शालनवहिनी समोर बसल्या होत्या, निम्मं वरकुटे अंगणात होतं आणि मी तुझ्या फोटोकडं रागानं बघत होतो. फोटो तरी कसला लावलाय? हातात माईक, तोंड उघडं. तोंड मिटलेला एकही फोटो घरच्यांना सापडला नसणार.

"बरं झालं नाना, आलास ते. मेल्यावर कसलं वैर?" असं दोघातिघांनी ऐकवलं. मी मान हलवली. वैर संपवायला मी आलो नव्हतो. सहा वर्षं तुझ्या दारात पाय ठेवला नव्हता आणि त्याचं मला काडीचं वाईट वाटत नव्हतं. आलो नसतो तर गावानं त्याच्यावरही दोन महिने चघळलं असतं, म्हणून आलो.

आज लिहायला बसलोय, कारण लिहिताना तुला मधे तोंड घालता येत नाही. आता गप ऐकायचं.

सुरुवात कुणी केली, ते आधी ठरवून टाकू. वालचंदनगरला मी कंपनीत नवा लागलो होतो. कॉलनीच्या वाचनालयात एक जुनं इंग्रजी मासिक धूळ खात पडलेलं असायचं. त्यात मुष्टियुद्धातल्या वेगवेगळ्या काळातल्या जगज्जेत्यांच्या लढती लावल्या होत्या. एकाला मरून कितीतरी वर्षं झालेली, दुसरा अजून खेळतोय, आणि लिहिणाऱ्यानं दोघांना एका रिंगणात उतरवून कोण कितव्या फेरीत पडला ते छातीठोक सांगितलेलं. मी शब्दकोश घेऊन दोन दिवसांत ते वाचलं आणि रविवारी इंदापूरच्या एसटी स्टँडवरच्या कॅन्टीनमध्ये तुला सांगितलं. बशीतलं शेवटचं भजं उचलून (ते कायम तूच उचलायचास) तू म्हणालास, "आयला, मग आपल्या पैलवानांच्या का न्हाय लावायच्या?"

पुढं तालुकाभर तू सांगत सुटलास की ही कल्पना तुझी. तुला ते मासिक हातात दिलं असतं तर उलटं धरलं असतंस.

पण लावल्या आपण कुस्त्या. दर रविवारी, त्याच टेबलावर. मेलेले, म्हातारे झालेले, आत्ता खेळणारे, सगळे आपण त्यांच्या ऐन उमेदीच्या वयात उतरवले. नियम ठरवता ठरवता आपली तोंडं सुजायची वेळ आली होती. कुस्ती मातीत की मॅटवर, यावर तीन महिने गेले. मातीतला गडी गुण मोजत नाही, पाठ लागेपर्यंत खेळतो. मॅटवरच्याला सहा मिनिटांच्या पुढं सवय नाही. शेवटी ठरलं की आधी वीस मिनिटं माती, नाही सुटली तर मॅट. बरोबरीत सोडवायची नाही. आणि सगळ्यात मोठा नियम असा की कुस्तीचा निकाल दोघांनी मिळून द्यायचा. ज्याचा गडी हरला, त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, "पडला." तोपर्यंत कुस्ती चालू.

तुझ्या लोहार पैलवानासाठी मी तुला पाच रविवार घाम गाळायला लावला होता. पाचव्या रविवारी तू चहाचा कप आपटून "पडला, जा मर" म्हणालास आणि न सांगता बस धरून वरकुट्याला गेलास. तो दिवस मला फार आवडतो.

मग तुला माईक मिळाला आणि तिथून सगळं बिघडलं. वरकुट्याच्या जत्रेच्या फडात कुस्त्यांचं निवेदन करायला आधीचा माणूस आला नाही, तर आबांनी तुला उभा केला. आबा जत्रा कमिटीचे प्रमुख, त्यांना वाटलं दोन तास भागतील. तू माईक सोडलास तो मेल्यावरच. आवाज होता तुला, नाही कसं म्हणू? हलगी थांबली तरी तुझा आवाज थांबायचा नाही, आणि एखादा नवखा गडी घाबरून उभा असला तर तू त्याच्या गावाचं, वस्तादाचं, आईच्या हातच्या भाकरीचं असं काही बोलायचास की तो मांडी ठोकून पुढं व्हायचा. पण सगळा माल माझा होता. जुने पैलवान, त्यांचे डाव, त्यांच्या खोडी, हे सगळं मला तात्यांकडून, माझ्या वडिलांकडून कळलेलं, आणि तुला माझ्याकडून. तू फक्त दूध वाढवायचास. तात्या दिवसाला तीन लिटर प्यायचे. तुझ्या तोंडी ते दरवर्षी एका लिटरनं वाढलं. शेवटी शेवटी आमच्या घरी डेअरीच होती.

फडात मोठी जोड यायला उशीर झाला की लोक उठायला लागतात. तेव्हा तू आपल्या रविवारच्या कुस्त्या माईकवरून लावायला लागलास. जुना गडी विरुद्ध नवा गडी. लोक बसून राहायचे. म्हातारे मधेच ओरडून तुला दुरुस्त करायचे, पोरं शिट्ट्या मारायची. मलाही ऐकायला आवडायचं, हेही लिहून टाकतो.

आता खांद्याचं.

तात्यांनी ऐन भरात लंगोट उतरवला. वस्तादाला शब्द दिला होता, ठरलेली कुस्ती मारली की थांबायचं, असं सगळ्या तालुक्याला माहीत होतं. त्या शब्दापायी त्यांनी सोलापूरच्या पैलवानाचं आव्हानही घेतलं नाही, म्हणून लोक त्यांच्या पाया पडायचे. खरं आमच्या घरात माहीत होतं. शेवटच्या कुस्तीत त्यांचा डावा खांदा सुटला होता. ती कुस्ती त्यांनी तशीच मारली, पण नंतर तो खांदा कधी बसलाच नाही. आई दार लावून मिठाच्या पुरचुंडीनं शेकायची. मी एकदा फटीतून बघितलं तेव्हा तात्यांनी मला आत ओढून सांगितलं, "ह्ये घराबाहेर गेलं तर मला तात्या म्हणू नगंस." शब्द वगैरे काही नव्हता. खांद्यामुळं ते थांबले होते आणि त्यांना ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं. आईला सोडून त्यांनी त्या खांद्याला कुणाला हात लावू दिला नाही. आई गेल्यावर कुणालाच नाही.

आणि मी ते तुला सांगितलं. एका रविवारी, दुसऱ्या चहाला. तू म्हणत होतास की तात्यांनी सोलापूरच्याला टाळलं, आणि मला राग आला. म्हणालो, "टाळलं न्हाय दत्ता, खांदा गेला हुता त्यांचा." तुझं भजं हातातच राहिलं. त्या दिवशी शेवटचं भजं बशीत उरलं होतं.

सहा वर्षांपूर्वीच्या जत्रेत तात्या पहिल्या रांगेत होते. ऐंशीला आलेले, डोक्याला कमिटीनं बांधलेला फेटा, शेजारी आबा. शेवटची जोड बारामतीच्या विक्रम पैलवानाची होती, नुकतीच गदा मारून आलेला, सोबत दोन ट्रक भरून माणसं. त्याच्या जोडीची गाडी हायवेवर अडकली. लोक चुळबुळायला लागले. तू माईक तोंडाशी धरलास.

"मंडळी, बसून घ्या! आज तुमाला एक कुस्ती दावतो, जी कुणी लावली न्हाय. ह्या अंगाला पन्नास वर्सामागचे आपले तात्या! त्या अंगाला बारामतीचा वाघ, विक्रम! वाजव रं हलगी!"

ही कुस्ती आपली चालू होती, दत्ता. दोन वर्षं चालू होती. तू विक्रमच्या बाजूनं, मी तात्यांच्या. कुणीच "पडला" म्हटलं नव्हतं. ती तू पाच हजार माणसांपुढं उघडलीस. तात्या हसत होते. मीही हसत होतो, गाढवासारखा. तात्यांनी पट काढला, विक्रम निसटला, तात्यांनी त्याला मानेवर कसला, लोक ओरडत होते. आणि मग तू म्हणालास, "आन् विक्रमनं बरोबर वळखलं! तात्यांचा डावा हात काखंत दाबला! खांदा, मंडळी, डावा खांदा! जुनं दुखणं! सुटला खांदा... लागली ढाक... आस्मान दावलं!"

बारामतीची माणसं नाचली. जुन्या पैलवानांनी एकमेकांकडं बघितलं. सोलापूरचं आव्हान का घेतलं नाही, ते पन्नास वर्षांनी त्यांना एका क्षणात कळलं. तात्यांनी हळूच उजव्या हातानं डावा खांदा झाकला. हे तू बघितलंस का? मी बघितलं.

घरी आल्यावर फेटा उतरवून खुंटीला लावत त्यांनी विचारलं, "खांद्याचं त्याला कुणी सांगितलं?"

मी म्हणालो, "मला काय ठावं?"

ते आत जाऊन पडले. तीन महिने नीट बोलले नाहीत. जेवण झालं की भिंतीकडं तोंड करून पडायचे. फडाचं नाव काढलं की उठून जायचे.

दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. माफी मागशील असं वाटलं होतं. तू म्हणालास, "नान्या, ऐक की. मी दुसऱ्या कशानं पाडून बघितलं तात्यांस्नी. पडंनात. तोंडात शब्द येईना, माणसं उठाय लागली. खांदा काढल्याबिगर ते पडतच नव्हते बघ." मी म्हणालो, पाव्हण्यांच्या टाळ्यांसाठी माझा बाप पाडलास, आणि फोन ठेवला. परत उचलला नाही. तू पेरूची पाटी पाठवलीस. तुझ्या बागेतले पेरू तालुक्यात एक नंबर, हे तू इतक्यांदा सांगितलं होतंस की मी ती पाटी शेजारच्या शेळीपुढं ओतली आणि ती बातमी तुझ्यापर्यंत जाईल अशी व्यवस्था केली. एसटी स्टँडवर, तालमीत, लग्नात, जिथं दिसेल तिथं मी सांगितलं की दत्तानं नसतं दुखणं उकरून तात्यांची अब्रू घालवली. लोकांना पटलं. दोन गावांनी तुला निवेदनाला बोलवायचं बंद केलं. मला बरं वाटलं.

आषाढात एका दुपारी तात्या कुठंतरी जाऊन आले. कुठं, ते सांगितलं नाही. हातपाय धुतले, सदरा काढून पाटावर बसले आणि म्हणाले, "नाना, तेल आण जरा. खांदा चोळ."

मला कळेना काय करावं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या खांद्याला हात लावला. हाड पुढं आलेलं, कातडी मऊ, म्हाताऱ्या माणसाची. तिथून रोज संध्याकाळी. चोळताना ते बोलायचे. कुठल्या कुस्तीत काय झालं, कुणाला कसं भ्यायले, आईला पहिल्यांदा कुठं बघितलं. बाप आणि मी इतकं कधी बोललो नव्हतो. मला वाटलं, त्यांनी ओळखलं आणि माफ केलं. दिवाळीनंतर ते गेले. चार महिने मिळाले मला. त्या चार महिन्यांसाठी मी देवाचे आभार मानत आलो.

तू त्यांच्या दहाव्याला आलास. मी तुला मांडवात घेतलं नाही. तू रस्त्याच्या कडेला बाभळीखाली उभा राहिलास, जेवण उठेपर्यंत. मधे कुणीतरी तुला पाणी नेऊन दिलं, त्याच्यावरही मी डाफरलो.

आता तुझं मढं उचलून तेरा दिवस झाल्यावर शालनवहिनी मला काय सांगतात? चहाचा कप हातात देऊन, अगदी सहज. "तात्या आलते की हितं. आषाढात. एकटंच, एसटीनं. पेरूखाली बसलं."

मी विचारलं, कशाला?

"यांना इच्यारलं, खांद्याचं तुला कुणी सांगितलं? माझ्या पोरानं का? तर ह्ये म्हणलं, न्हाय तात्या, मी धा वर्साचा हुतो, बापाच्या खांद्यावर बसून तुमची शेवटची कुस्ती बघितली. खांदा सुटल्याला मीच बघितला. नान्याला बिचाऱ्याला काय बी ठावं न्हाय. तात्या लई येळ बसलं. मग म्हणलं, माझ्या पोराच्या तोंडातनं गेलं न्हाय, मग झालं. पेरू खाल्ला आन् गेलं."

कप मी खाली ठेवला. वहिनी म्हणाल्या, "मी लई येळा म्हणलं यांना, नानाभावजींना सांगा. तर म्हणायचं, काय सांगू नगंस, रोज तेल लावतंय त्यो, लावू दे."

दत्ता, तुझं तोंड कधी बंद नव्हतं. बायकोचं बाळंतपण तू माईकवरून सांगितलंस. स्वतःच्या मूळव्याधीचं ऑपरेशन तू एसटीत सांगितलंस. आणि एवढीच एक गोष्ट तुला पोटात ठेवता आली? सहा वर्षं? मी तुला गावोगाव नागडा करत फिरत होतो आणि तू एक वाक्य बोलला असतास, "नान्यानंच सांगितलं," तर मी जागेवर चितपट होतो. तू बोलला नाहीस. माझा खोटेपणा झाकायला तू खोटं बोललास आणि तो माझा बाप सुखानं माझ्या हाताखाली खांदा देऊन बसला. मी ज्याला माफी समजत होतो, ती तू थापेच्या बदल्यात आणून दिली होतीस. आता मी त्या चार महिन्यांचं काय करू? परत करता येत नाहीत, आणि तू दिलेत म्हटल्यावर ठेववतही नाहीत.

याचा राग मला आधीच्या रागापेक्षा जास्त आलाय. उपकार करून निघून जायचं, समोरच्याला भांडायलाही जागा ठेवायची नाही, हा कुठला खेळ? तू मला एकदा गाठायला हवं होतंस. शिवी देऊन सांगायचंस. मी भांडायला का होईना, आलो असतो. सहा वर्षांत तीनशे रविवार होतात, गाढवा.

काल जत्रा झाली. तुझ्या जागी इंदापूरचा कुणी पोरगेला निवेदक आणलाय. बरा बोलतो, पण दूध वाढवत नाही. मोठ्या जोडीच्या आधी आबांनी माईक माझ्याकडं दिला. "नाना, दत्तासाठी दोन शब्द बोल."

मी तयारीनं आलो होतो. वहिनींकडं जायच्या आधीच आबांनी मला सांगून ठेवलं होतं आणि तेव्हाच मी दोन पानं लिहिली होती. तात्या विरुद्ध विक्रम, पुन्हा. ह्या खेपेला तात्या मारणार होते. पुरा फड ऐकणार आणि तुला मधे बोलता येणार नव्हतं, यासाठी खास लिहिली होती. ती पानं खिशात होती. माईक हातात घेतल्यावर काढावीशी वाटली नाहीत. माईकला अजून तुझ्या तंबाखूचा वास येत होता.

म्हणालो, "सहा वर्सामागं दत्तानं हितं आमच्या तात्यांची कुस्ती लावली. खांद्याचं बोलला म्हणून आपण समद्यांनी त्याला नावं ठेवली. सगळ्यात जास्त मी ठेवली. त्याला खांद्याचं मी सांगितलं हुतं. कॅन्टीनमधी, चहा पिताना. तात्यांना मी खोटं सांगितलं, मला ठाव न्हाय म्हणून. आन् दत्तानं त्ये स्वतःवर घेतलं."

हलगीवाल्यानं हलगी खाली ठेवली. जुने पैलवान माझ्याकडं बघत होते. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते सहा वर्षं तू बघत आला होतास. मला ते पाच मिनिटं झेपेना.

आबांनी खाकरून विचारलं, "मग नाना, त्या कुस्तीचं काय? कुणाची धरायची?"

"धरायची न्हाय," मी म्हणालो. "चालू हाय. दोघांनी मिळून ठरवायची हुती. दुसरा हितं न्हाय."

खाली उतरलो. कुणी टाळी वाजवली नाही, तेच बरं झालं. वहिनींनी निघताना पिशवीत पेरू दिले. घरी येऊन एक खाल्ला. चांगला होता. एक नंबर वगैरे काही नाही.

तुला मी माफ केलेलं नाही, आणि तात्या पडले असं मी म्हणणार नाही. तू कुठल्याही डावानं पाड. पण एक काम आहे आणि ते तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही. तात्या तिकडं भेटतील. ते परत विचारतील, खांद्याचं कुणी सांगितलं म्हणून. तुझ्या पेरूखाली ते एवढा वेळ बसले, म्हणजे त्यांचा विश्वास बसला नव्हता, असं मला कालपासून वाटायला लागलंय. ह्या वेळी माझं नाव सांग.

नाना